उगवतीच्या कोपऱ्यातलं पार्सल

हैबतरावांच्या तान्ह्या नातीच्या कपाळावर जांभळा डाग उठला. मार नव्हे, गोवर नव्हे, चावाही नव्हे. पुसला की पसरायचा.

*

घाटाखालच्या एका सरकारी फार्मावर, भाताच्या ओळीत रोवलेली लाकडी खुंटी. तिच्यावर डांबरानं लिहिलेलं: ४१७.

*

एक मडकं. झाकणी नसलेलं, रिकामं, मोरीशेजारी पालथं. सात वर्षं झाली, ते कुणी सरळ करत नाही आणि कुणी फोडतही नाही.

*

वेल्ह्याकडच्या जयसिंग नावाच्या माणसानं दोन वर्षांत बहिणीला काही म्हणून पाठवलं नाही. भाऊबिजेलाही तो आला नाही.

*

एस.टी.च्या कोळवण गाडीत ड्रायव्हरच्या सीटमागं मांजरपाटाचं एक पुडकं. हलवलं की आत सळसळ.

*

ह्या पाच गोष्टींची एकमेकींशी ओळखदेख नव्हती. ती करून द्यायला चांगुणाला १९८१ सालचा सगळा ज्येष्ठ घालवावा लागला.

*

तर झालं असं, की वैशाख संपता संपता एका गुरुवारी चांगुणाच्या हातात किसनचं कार्ड पडलं. किसन तिचा धाकटा भाऊ, त्या घाटाखालच्या फार्मावर गडी म्हणून कामाला. चांगुणा स्वतः पस्तिशीची. नवरा लग्नानंतर चार वर्षांतच वारला, तेव्हापासून माहेरी आईजवळ. आईचं नाव भीमाबाई. बौद्धवाड्यातलं शेवटचं घर त्यांचं, आणि ओढ्याच्या अंगाला वतनातलं अर्धा एकराचं एक भातखाचर.

चांगुणा चौथीपर्यंत शिकलेली. तिनं कार्ड उंबऱ्यात बसून मोठ्यानं वाचलं:

"ताईस व आईस किसनचा जयभीम. बी शनिवारी स्वारगेटला आपल्या गाडीच्या कंडक्टरपाशी दिलं आहे. मांजरपाटात शिवून वर तुझं नाव घातलं आहे. नथूच्या हॉटेलात उतरवील. साहेबांनी दोन ओंजळीच दिल्या, त्यासुद्धा वहीत सही घेऊन. जास्त मिळणार नाही, म्हणून जपून. आईला सांग, खुंटी नंबर ४१७ ला कुसळं मी माझ्या डोळ्यांनी बघितली. काळीच आहेत."

"कंच्या शनवारी?" भीमाबाईनं विचारलं.

"गेल्या."

"मग आज बेस्तरवार हाय."

चांगुणानं कार्ड आईच्या मांडीवर टाकलं, पदर खोचला आणि ती निघाली.

*

इथं थोडं थांबायला हवं, कारण दोन ओंजळी भातासाठी बाई एवढ्या उन्हाची पळत का सुटली, हे कळायला ते मडकं माहीत पाहिजे.

त्या मडक्यात काळकुसळ असायचं. नाव भीमाबाईच्याच घरचं, दुसरीकडं कुणी ते लावत नसे. दाणा तांबूस, आणि दाण्याच्या टोकाला बोटभर लांब काळं कुसळ. ओढ्याकाठच्या त्या खाचरात पाणी गुडघ्याला लागायचं, बाकीचं भात तिथं आडवं पडायचं आणि हे तेवढं उभं राहायचं. भीमाबाईच्या सासूनं ते तिच्या हाती दिलं होतं. तिच्या सासूला कुणी दिलं, हे विचारायचं राहून गेलं.

१९७४ साली राब, म्हणजे रोपांचा वाफा, पेरायच्या दिवशी मडकं काढलं, तर आत नुसती टरफलं. उंदरांनी दाणा न् दाणा सोलून खाल्ला होता. मडक्यावर झाकणी नव्हती. झाकणीचा तुकडासुद्धा घरात कुठं सापडला नाही. चांगुणाच्या माहितीत मडक्याला शेवटचा हात तिचाच लागला होता, पौषात, पाहुण्यांसाठी ओंजळभर भात काढताना. झाकणी परत ठेवल्याचं तिला आठवत होतं. मग ते आठवणं हळूहळू पातळ झालं. पुढं पुढं तर झाकणी खाली ठेवून आपण तशाच उठलो, हेच तिला लख्ख दिसायला लागलं.

भीमाबाई तिला एका शब्दानं बोलली नाही. मडकं तेवढं तिनं पालथं घातलं.

आणि त्या आधी कधीतरी, अडुसष्ट सालात, फार्मावरचा एक माणूस खोऱ्यातली भातं गोळा करत आला होता. भीमाबाईनं त्याला चार ओंब्या दिल्या होत्या नि विसरून गेली होती. फार्मानं त्या चार ओंब्यांना नंबर दिला आणि वर्षाआड एक ओळ लावून त्या जिवंत ठेवल्या. बारा वर्षांनी किसन त्या ओळीत खुरपं घेऊन बसला, मान वर केली, तर डोळ्यांसमोर काळी कुसळं.

आता बाई का पळाली ते कळलं असेल.

*

नथूचं हॉटेल म्हणजे वडाखाली चार पत्रे, दोन बाकडी आणि एक स्टो. एस.टी. तिथंच थांबायची, म्हणून खोऱ्यात येणारं सगळं आधी नथूच्या हातात यायचं.

"नथूभाऊ, माजं पार्सल?"

"तुजं कसलं गं पार्सल?"

"मांजरपाटाचं. शनवारच्या गाडीनं आलंय."

"शनवारी..." नथूनं बशी पुसता पुसता डोळे मिटले. "येक मास्तरच्या रेडूचं शेल. येक हैबतरावाच्या इंजनाचा पट्टा. आन् सारजाबायचं बी. संपलं."

"सारजाबायचं कसलं बी?"

"आगं भावानं धाडलंय तिच्या. जयसिंगानं. दर साल येतंय की वैशाखात! मदी दोन साल त्येंचं तोंड वाकडं हुतं, बापाच्या जिमिनीवर सारजाबाय सही घालंना म्हून. औंदा आलं बग. मी सोता दुकान टाकून द्याया गेलो. म्हातारीच्या डोळ्याला धार लागली."

"वरचं नाव वाचलंस का?"

नथूनं बशी खाली ठेवली. हा माणूस सातवी पास होता. रोजचा पेपर तो बाकड्यावरच्या लोकांना मोठ्यानं वाचून दाखवायचा, पाचव्या पानावरच्या जाहिरातींसकट.

"बियाचं नाव वाचतंय व्हय कुनी?" तो म्हणाला. "हातात घ्येतलं, हालिवलं, वास घ्येतला. भात. म्हैना वैशाख. कापड मांजरपाट. आता आनि काय वाचू त्यात?"

आणि खरंच, त्याचं काय चुकलं? त्या खोऱ्यात कार्ड आलं तर नाव बघत, मनिऑर्डर आली तर दोनदा बघत. बी मात्र हातानं ओळखत. कोणत्या घरी कोणत्या महिन्यात कुणाकडून काय येतं, हे सगळ्यांना पाठ. बियावर नाव घालणारा किसनच वेगळा, फार्मावर राहून त्याला ती सवय लागलेली.

"चांगुणे," नथू मागून ओरडला, "जाऊन मागू नगंस हां! लई खुशीत हाय ती!"

*

सारजाबाई ही हैबतरावांची बायको; त्यांचं घर वरच्या आळीला. गावात ते लांब, पण शेतात अगदी शेजारी: त्यांच्या शेवटच्या खाचराचा बांध तोच चांगुणाच्या खाचराचा वरचा बांध. त्यांच्यातलं पाणी फुटलं की हिच्यात यायचं. दरवर्षी आवणीला, म्हणजे रोपं उपटून चिखलात लावायच्या कामाला, चांगुणा त्यांच्याकडं जायची. तिच्यासाठीचा कप त्यांच्या वळचणीला खोचलेला असायचा.

सारजाबाई ओसरीवर नातीला मांडीवर घेऊन ओल्या फडक्यानं तिचं कपाळ घाशीत होती. पोर बेंबीच्या देठापासून रडत होती.

"बरं झालं आलीस. बग गं ह्ये काय हाय! तुमची धोंडाबाय म्हनती नजर लागली. शेजारची म्हनती देवी येनार. घासावं तर वाढतंय."

चांगुणा अंगणातून ओसरीच्या पायरीपर्यंत आली आणि वाकली. डाग जांभळा होता, दौतीतल्या शाईसारखा. भुवईपासून वर सरकत तो टोपड्याच्या काठाखाली गेला होता. टोपडं नवंकोरं, पांढरं. पोरीच्या डाव्या कानावर टोपड्यातून उलटं "चां" फुटलं होतं. मानेवर "गु" आणि अर्धा "णा". हनुवटीखालच्या बंदावर "भिकू", म्हणजे चांगुणाचा बाप.

कॉपिंग पेन्सिल. कोरडी असताना करडी, ओली झाली की जांभळी. पोरीचं डोकं घामानं निथळत होतं.

"टोपडं छान हाय," चांगुणा म्हणाली.

"जयसिंगाच्या पार्सलाचं फडकं. म्हनलं, माज्या म्हायेरचं कापड पोरीच्या डोक्याला लागू दे." सारजाबाईनं घासणं थांबवलं. "दोन साल, चांगुणे! दोन साल मी देवळाकडं जातानाबी म्हायेरच्या वाटंकडं बगत न्हवते. आन् ह्यो नथ्या आला पुडकं घिऊन."

नथू म्हणाला होता ते खरं होतं. बाई खुशीत होती. चांगुणाच्या मनात आलं, परत फिरावं. मग तिला मोरीशेजारचं मडकं दिसलं.

"वैनी, टोपडं काडा जरा. त्यावर लिवलंय."

"आसंल. पत्ता आसंल माजा."

टोपडं निघालं तशी पोर गप्प झाली. चांगुणानं ते उलटं केलं, शिवणीपाशी ताणलं, तुकडे बोटांनी जवळ आणले आणि वाचलं:

"चांगुणा भिकू भालेराव. कोळवण गाडी. नथूचे हॉटेल येथे उतरवणे."

"माजं नाव कुटं हाय?"

"न्हाई, वैनी."

"शिवनीत गेलं आसंल."

"न्हाई."

सारजाबाईनं गोठ्याकडं तोंड करून हाक मारली. हैबतराव आले, दोऱ्यानं बांधलेला चष्मा कानांवर चढवला आणि नातीचं टोपडं वर्तमानपत्रासारखं लांब धरून वाचलं. मग चष्मा काढला.

"तिचंच हाय गं."

"फडकं तिचं आसंल," सारजाबाई म्हणाली. "बी जयसिंगाचंच हाय. येस्टीत फडक्यांला काय तोटा हाय? ह्याचं त्याला लागतंय. त्येनं उचलून गुंडाळलं आसंल."

हैबतरावांनी तोंड उघडलं, बायकोकडं बघितलं आणि परत मिटलं. संसाराला पस्तीस वर्षं झाली होती.

"बी हाय कुटं?" चांगुणानं विचारलं.

"राबात."

सोमवारीच पेरलं होतं. त्याच शेवटच्या खाचरात पालापाचोळा नि शेण भाजून तयार केलेली राबाची जमीन, आणि तिचा उगवतीचा कोपरा दरवर्षी सारजाबाईच्या माहेरच्या बियाचा. दोन वर्षं तो मोकळा राहिला होता. सोमवारी तिनं त्यात बी टाकलं, हळदीकुंकू वाहिलं, आणि पाठ फिरवली तेवढ्यात हैबतरावांनी सगळ्या राबावर आंबेमोहर फेकला, कोपऱ्यासकट.

"मला काय ठावं," हैबतराव म्हणाले. "दोन साल मोकळाच हुता की कोपरा."

"म्हंजी मिसळलं?"

"मिसळलं तर मिसळलं!" सारजाबाई उसळली. "येक पायली आंबेमोहर घिऊन जा. दोन ओंजळीला येक पायली. झालं का?"

"मला त्येच पायजे."

"त्येच म्हंजी? मातीतनं येचून दिऊ दानं?"

"उगावल्यावर द्या."

"पर त्येच म्हंजी कंचं?" हैबतरावांना आता राहवेना.

"काळकुसळ."

हैबतराव ओसरीच्या कडेला बसले. "भीमाचं? आगं, त्ये तर उंदरानं..." त्यांनी जीभ चावली. उंदरांची गोष्ट गावाला माहीत होती आणि झाकणीचीही. चांगुणा पायाच्या अंगठ्यानं अंगणातलं शेण उकरत होती.

"आई म्हनती, काळकुसळाच्या रोपाला बुडाशी जांभळी कड आसती," ती खाली बघूनच म्हणाली. "आंबेमोहर पांडरा ऱ्हातो. पंदरा दिसांत कळंल."

"आन् न्हाई सुटलं जांभळं तर?" सारजाबाईनं विचारलं.

"तर बी तुमच्या भावाचं. मी परत नाव काडनार न्हाई."

*

पुढच्या पंधरा-वीस दिवसांत गावात जे बोललं गेलं, ते असं. क्रम जसा आला तसा.

किसन फार्मातून पळवून आणतोय.

जांभळं भात खाल्लं की दात जांभळे होतात.

न्हाई होत. आमच्या आज्यानं खाल्लंय. त्याला दातच न्हवते.

सारजाबाईनं जयसिंगाला कार्ड टाकून विचारावं, म्हणजे मिटलं.

ती कशी विचारंल? "बी धाडलंस का" म्हणून? आणि तो म्हणाला, "न्हाई", मग?

देवाला दाखवलेलं बी बौद्धवाड्यात कसं परत द्यायचं?

बौद्धवाड्यातलं बी देवाला दाखवलंच कसं?

देव काय म्हणाला?

काही म्हणाला नाही.

नथूनं आपल्या पैशानं एक पाटी रंगवून वडाला टांगली: पार्सल नाव वाचून दिले जाईल.

*

पाऊस त्याच्या वेळेला आला. राब हिरवा झाला. केसांएवढी पाती, सगळी सारखी.

बांधावरून जाता येता चांगुणा त्या कोपऱ्याकडं बघायची. राबात पाय घालायची सोय नव्हती. दुसऱ्याच्या राबात कुणी पाय घालत नाही. पाच हातांवरून हिरवं नुसतं हिरवं दिसतं. ती मान तिरकी करायची, डोळे बारीक करायची. एकदा बांधावर पालथी झोपूनही बघितलं. हैबतरावांनी लांबून विचारलं, "काय गं, पडलीस का काय?"

सारजाबाई मात्र रोज तांबडं फुटायला राबावर जायची. नुसती उभी राहायची नि परत यायची. तिला काय दिसलं, हे ती घरातही सांगत नसे. तिला काय दिसायला नको होतं, ते सगळ्या गावाला माहीत होतं.

घरी भीमाबाई अगदी शांत. सत्तरीची बाई, वर दोन दात आणि खाली एक, अंगणात बसून सुपातलं निवडायची.

"आई," चांगुणा एकदा म्हणाली, "समज, न्हाई उगावलं."

"तर न्हाई उगावलं."

"त्या येळंला झाकनी मीच..."

"ते सूप दे हिकडं," भीमाबाई म्हणाली. "आन् बग, धोंडी आपली चाळन घिऊन गेलीया. जा, मागून आन. तिच्याकडं गेलेलं आपनहून परत येत न्हाई."

चांगुणानं चाळण आणली. बोलणं तिथंच राहिलं. आजवर जेव्हा जेव्हा तिनं हे बोलणं काढलं, तेव्हा काही ना काही आणायला जावं लागलं होतं.

*

पेरणीनंतर चोविसाव्या दिवशी सकाळी सारजाबाई बौद्धवाड्यात आली.

डोक्यावर इरलं, पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले. जन्मात ती ह्या वाटेनं आली नव्हती; घर कोणतं हे तिला विचारत यावं लागलं. शेजारच्या धोंडाबाईनं बोटानं घर दाखवलं आणि मग ते बोट तसंच हवेत धरून ती बघत राहिली.

चांगुणा दारात उभी राहिली. सारजाबाईनं इरल्याखालून मूठ पुढं केली. मुठीत एकच रोप होतं, मुळांसकट, माती धुतलेलं. बुडाशी, नखाएवढ्या जागेत, जांभळी कड.

"सुटलंय," सारजाबाई म्हणाली.

चांगुणा रोपावर वाकली.

"चार दिस झालं," सारजाबाई पुढं म्हणाली. "चार दिस मी बगतीया. पयल्या दिशी म्हनलं सावली हाय. दुसऱ्या दिशी म्हनलं चिखुल लागलाय. काल धुऊन बगितलं. आज..." तिनं रोप चांगुणाच्या हातात दिलं. "घे बाई. जयसिंगानं न्हाई धाडलं."

आतून भीमाबाईचा आवाज आला. "कोन हाय?"

"सारजाबाय."

"हैबतरावाची? बसा म्हनावं. च्या घ्याल का वो? कप येकच हाय पर आमच्यात. सगळी त्याच्यातनंच पितो."

म्हातारी मुद्दाम बोलली होती का भोळेपणानं, हे चांगुणाला पुढंही कधी कळलं नाही. सारजाबाईनं इरलं उतरवून भिंतीला टेकवलं. मग ती उंबऱ्यावर बसली.

"गूळ घालून करा," ती म्हणाली. "साखरंनं पोट बिगडतंय माजं."

*

आवणीच्या दिवशी सारजाबाईनं हुकूम काढला: उगवतीच्या कोपऱ्याला चांगुणाशिवाय कुणी हात लावायचा नाही.

बाकीच्या बाया आंबेमोहर सपासप उपटत होत्या. चांगुणा एकेक रोप उपटायची, मुळं पाण्यात हिसळायची आणि बांधावर आईपुढं ठेवायची. भीमाबाई इरल्याखाली कोंबडीसारखी बसलेली. रोप डोळ्यांशी न्यायची, बुडाला अंगठा फिरवायची. जांभळं उजवीकडं, पांढरं डावीकडं. मधूनच एखादं ती नाकाशी नेऊन पुन्हा डावीकडं टाकायची.

"त्ये जांभळं हुतं की!" शेजारी बसलेली सारजाबाई म्हणाली.

"चिखुल हाय त्यो."

"व्हय का? मला तर..."

"तुमाला त्या चार दिसांपासनं सगळंच जांभळं दिसाया लागलंय, बाय."

बांधावर हसू फुटलं. सारजाबाईही हसली, जरा उशिरानं.

दुपारपर्यंत सगळा कोपरा उपटून झाला. दोन ओंजळींतलं काही किड्यांनी खाल्लं, काही कुजलं, काही आंबेमोहराखाली दबून गेलं. जांभळ्या कडेच्या साडेसात मुठी निघाल्या. एक मूठ म्हणजे डाव्या हाताच्या पंज्यात मावतील तेवढी रोपं, गवताच्या काडीनं बांधलेली. अर्ध्या एकराला त्या कुठंच पुरणार नव्हत्या. पण बियाला पुरणार होत्या.

चांगुणानं सगळ्या मुठी पदरात घेतल्या. पार्सल मिळालं होतं. ती उठली आणि तिचं लक्ष त्या कोपऱ्याकडं गेलं. नुसता काळा, उघडा चिखल. सारजाबाई तिकडं बघायचं टाळत होती, ते ध्यानात येत होतं.

चांगुणानं आईकडं बघितलं.

"दे," भीमाबाई म्हणाली. "येक मूठ दे तिला. लावू दे कोपऱ्याला."

"मला नगं," सारजाबाई म्हणाली. "तुमचं तुमाला लखलाभ."

"आगं, तुला कोन देतंय? ठिवाया देतीया. आमच्यात परत उंदरं आली तर मागाया कुटं जावं? घाटाखाली?"

सारजाबाईनं थोडा विचार केला. मग लुगडं गुडघ्यांवर खोचलं आणि मुठीसाठी हात पुढं केला.

तिचा कोपरा आणि खालचं चांगुणाचं खाचर, दोन्हीकडं काळकुसळ एकाच दिवशी लागलं. मध्ये बांध होता. पाणी वरच्यातून खालच्यात जात होतं.

*

श्रावणात सारजाबाईनं चांगुणाकडून एक कार्ड लिहून घेतलं. मजकूर तिचाच, चांगुणानं एक शब्द इकडचा तिकडं केला नाही:

"जयसिंगास आक्काचा आशीर्वाद. औंदा उगवतीचा कोपरा मोकळा ठेवला नाही. सही करायला पुण्यात कधी यायचं ते कळव. पार्सल पाठवशील तर वर नाव घाल, इथं आता वाचून देतात."

पत्ता चांगुणानं कॉपिंग पेन्सिलीनं घातला आणि त्याला पाणी लागू नये म्हणून वर मेणबत्ती घासली.

*

कार्तिकात कुसळं आली. काळीच होती.

साडेसहा मुठींचं बी पावणेदोन पायली भरलं. भीमाबाईनं मोरीशेजारचं मडकं उचललं, धुतलं, उन्हात ठेवलं आणि सात वर्षांनी सरळ केलं. चांगुणानं त्यात भात ओतला. झाकणी नव्हतीच, तिनं वर पाट ठेवला, पाटावर वरवंटा ठेवला, आणि तरी समाधान होईना म्हणून भोवती ओल्या शेणमातीनं लिंपून घेतलं. भीमाबाई खाटेवरून बघत होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग सूप मागितलं.

*

त्या मडक्याची झाकणी १९७४ च्या माघात भीमाबाईनंच काढून धोंडाबाईला विस्तव न्यायला दिली होती, आणि परत मागायची राहून गेली.